तीन पायांचा प्राणी आणि कोंबडी

एका गावात एक कुंभारीण होती, आणि तिच्या अंगणात रोज पहाटे पाहुणे येऊन जात. ते हाक मारत नसत, पाणी मागत नसत, आणि कुंभारणीने त्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं. पण भांड्यांसाठी चाळून, भिजवून अंगणात पसरलेल्या मातीवर ते आपली पावलं मागे ठेवून जात. त्यावरून कळायचं की कुणीतरी येऊन गेलं.

बरीच वर्षं कुंभारीण नुसती चिडत होती. पसरलेली माती पुन्हा सारखी करायची म्हणजे कंबर मोडायची. मग एका सकाळी शेजारचं एक चिमुरडं पोर मातीपाशी उकिडवं बसलं आणि म्हणालं, "मावशी, हे कुणाचं पाऊल?"

"मला काय ठाऊक? मी काय त्याला हळद-कुंकवाला बोलावलं होतं?" कुंभारीण म्हणाली. पण बोलता बोलता तीही शेजारी उकिडवी बसली. दोन छोटी पावलं मागे, दोन मोठी पुढे. दोघांनी मिळून माग काढला, तो कुंपणापर्यंत गेला, आणि कुंपणापलीकडच्या गवतात दोन लांब कान हलले. ससा होता तो. उडी मारताना सशाचे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, हे त्या दिवशी त्या पोराला कळलं आणि पन्नाशीच्या कुंभारणीलाही कळलं. ती आधी चिडायची हेच ती विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी पाच पोरं आली, तिसऱ्या दिवशी अकरा. खेळच सुरू झाला. सगळी साडेचार ते सहा वर्षांची. कुंभारणीने नियम घालून दिले. पावलाला घाईने नाव द्यायचं नाही. आधी विचारायचं, कुठून आला, कुठं गेला, काय खाल्लं, घाईत होता की निवांत. आणि पाहुण्याचा माग काढायचा, पण त्याच्या घरात शिरायचं नाही. खेळून झालं की सगळ्यांनी मिळून ती माती पायांनी तुडवून पुन्हा मऊ करायची. कुंभारीण काही अगदीच भोळी नव्हती.

सगळ्यात मोठा नियम नावाचा होता. रानातल्या ज्या जिवाचं पाऊल जो सगळ्यांच्या आधी ओळखील, त्याला त्या जिवाचं नाव मिळायचं. त्यामुळे गावात आता एक ससा होता, एक मुंगूस होता, काटे मातीत घासत गेलेत हे बरोबर ओळखणारा एक साळिंदर होता, आणि मधोमध शेपटीची वळवळती रेघ बघून किंचाळलेली एक मुलगी घोरपड झाली होती. संध्याकाळी आया दारात उभ्या राहून हाका मारत, "ए घोरपड, भाकरी खायला ये." पै-पाहुण्यांसमोर जरा अवघड व्हायचं, पण नावं काही सुटली नाहीत.

त्या पोरांत पूर्वी सरड्यावर नेम धरणारी होती, खारीच्या शेपटीला दोरी बांधू बघणारी होती. ज्याचं पाऊल तासभर न्याहाळलं, त्याच्यावर दगड उचलायला मात्र हात होईना. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

सगळ्यांत धाकटी एक साडेचार वर्षांची मुलगी होती. पहिल्याच दिवशी मातीवर पाऊल दिसताच ती मोठ्याने ओरडली होती, "कोंबडी!" ती कोंबडीच होती, कुंभारणीची स्वतःची. पोरं पोट धरधरून हसली आणि तिचं नाव पडलं कोंबडी.

कोंबडी म्हणजे काही रानातला जीव नव्हे. आपल्याला खरं नाव हवं, निदान खार तरी, असं तिला फार वाटायचं. ती रोज सगळ्यांच्या आधी यायची आणि रोज ओरडायची. कधी म्हणायची "कोल्हा!" आणि तो निघायचा गावातला कुत्रा. कधी म्हणायची "साप!" आणि ती निघायची शेजारणीच्या धुण्याची दोरी.

गावामागे एक टेकडी होती, गवताची आणि बोरी-करवंदीची. पाहुणे तिथूनच यायचे. टेकडीच्या उघड्या खडकाळ तुकड्यावर टिटवीने चार अंडी घातली होती, अगदी खड्यांसारखी. कुंभारणीने ती पोरांना वीस पावलांवरून दाखवली. कोंबडी रोज वीस पावलांवर उभी राहून अंडी मोजायची. टिटवी ओरडून ओरडून आकाश डोक्यावर घ्यायची. कोंबडीला वाटायचं, ती आपल्यालाच हाक मारते आहे.

गावात एक पंतोजीही होते. त्यांच्याजवळ एक पोथी होती आणि पोथीत एकवीस प्राणी होते. "सिंह हा वनाचा राजा होय," ते म्हणायचे, आणि मुलं मागून म्हणायची. पंतोजींनी सिंह पाहिला नव्हता, ते ठीकच. पण त्यांनी ससाही पाहिला नव्हता. चिखलाच्या पायांनी पोरं शाळेत आली की ते नाकाला उपरणं लावायचे आणि म्हणायचे, "चिखलात ज्ञान नसते, जंत असतात."

गावाचे पाटील स्वभावाने चांगले, पण घाबरट आणि गोडखाऊ. त्यांचा डावा पाय सुजला होता. वैद्यांनी त्याला एरंडाची पानं आणि वर जाड फडकं गुंडाळून दिलं होतं आणि सांगितलं होतं, गोड पूर्ण बंद, गूळ तर नावालासुद्धा नाही. पाटलीणबाईंनी त्याच दिवशी गुळाची ढेप कुलपात टाकली आणि किल्ली कमरेला लावली. तेव्हापासून पाटील काठी टेकत, नवीन खिळ्यांची वहाण उजव्या पायात घालून, उदास चेहऱ्याने गावात फिरायचे.

आणि अशात एक दिवस गावाबाहेरच्या वाटेवर ते पाऊल दिसलं.

पहिल्यांदा एका गुराख्याने पाहिलं. म्हणजे पाहिलं कमी आणि पळाला जास्त. "भाकरीएवढं पाऊल हाय, बोटं न्हाईत," असं त्याने विहिरीवर सांगितलं. विहिरीवरून गोष्ट पारावर गेली, तोवर पाऊल परातीएवढं झालं होतं. पारावरून ती चावडीवर आली तेव्हा त्या प्राण्याला शिंगंही फुटली होती.

मग धीर करून दहा-बारा जण काठ्या घेऊन बघायला गेले. लांबूनच पाहिलं. एक पाऊल गोल, भाकरीएवढं. दुसरं लांबट, त्यात नऊ टोकदार भोकं, म्हणजे नऊ नख्या. आणि तिसरं म्हणजे नुसतं एक खोल भोक. चौथं पाऊल कुठेच नव्हतं.

"तीन पायांचा प्राणी," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे गावाकडे निघाले. निघाले तेव्हा चालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर सभा भरली. पंतोजी पोथी घेऊन आले. पानं उलटली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा शरभ असावा. शरभ सिंहालाही ठार करतो."

"शरभाला किती पाय असत्यात?" पाटलांनी विचारलं.

"आठ."

"मग हितं तर तीनच उमटल्यात."

पंतोजींनी आणखी एक पान उलटलं. "उरलेले पाच तो उचलून धरत असावा," ते म्हणाले.

मागे उभी असलेली कुंभारीण म्हणाली, "पंतोजी, पाच पाय उचलून चालायला तो काय डोंबाऱ्याच्या खेळातला हाय?"

लोक हसले, पण पाटलांना हसू आलं नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुम्हाला म्हणून सांगतो," ते म्हणाले, "तो माझ्याच मागावर हाय. मी जिथं जिथं जातो, तिथं तिथं त्याचं पाऊल. ओढ्यापाशी बघितलं, बांधावर बघितलं, गुऱ्हाळाच्या वाटेवर तर..."

"गुऱ्हाळाच्या वाटेवर तुमचं काय काम?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"ते आत्ता महत्त्वाचं न्हाई," पाटील घाईने म्हणाले आणि काठी आपटून उभे राहिले. "ठरलं तर मग. दुपार कलली की टेकडी पेटवायची. गवत वाळलंय, बघता बघता जळंल. जो कोण असंल तो पळून जाईल, न्हाईतर भाजून निघंल."

माणसं टेंभे बांधायला उठली. तेवढ्यात कुंभारणीच्या पदराआडून एक बारीक आवाज आला. "मग अंडी?"

कोंबडीचा आवाज होता तो. मोठी माणसं घाईत असली की त्यांना असे आवाज ऐकू येत नाहीत.

"पाटील," कुंभारीण म्हणाली, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. आधी पाहुणा कोण ते तरी बघू या. टेकडीवर काय एकटा तोच ऱ्हातो का?"

"दुपार कलेपर्यंत काय बघायचं ते बघ," पाटील म्हणाले. "पुढं एक घटकाही थांबायचं न्हाई."

कुंभारणीने वेळ घालवला नाही. चाळलेली मऊ माती पाट्यांत भरली, पोरांच्या डोक्यावर दिली, आणि गुऱ्हाळाच्या वाटेवर, ओढ्यापाशी आणि गावाच्या मागच्या बोळात तिचे पट्टे पसरले. मग सगळ्यांना घेऊन ती घरात जाऊन बसली. आपण तिथं उभे राहिलो तर पाहुण्याला अवघडायला होतं, असा खेळाचा नियमच होता. कोंबडीचा जीव मात्र खालीवर होत होता. ती मिनिटामिनिटाला विचारायची, "दुपार कलली का?" आणि साळिंदर म्हणायचा, "अजून न्हाई. गप बस."

भर दुपारी सारं गाव जेवून आडवं झालं. गुऱ्हाळावरची माणसंही पाचटाच्या सावलीला घोरू लागली. उन्हं जराशी तिरपी होताच पोरं बाहेर पडली आणि ओढ्यापाशी पोचली. तिथे मातीवर पावलं होती, ताजी, जाण्याची आणि येण्याचीही.

पोरं उकिडवी बसली. कुणीही घाईने नाव घेतलं नाही.

"ह्यो पळत न्हाई," मुंगूस म्हणाला. "पावलं जवळ जवळ हाईत."

"सारखा थांबतोय," साळिंदर म्हणाला. "आन् मागं वळून बघतोय. हितं बघा, पाऊल फिरलंय. ह्यो भ्यालाय."

"डाव्या पायावर भार देत न्हाई," घोरपड म्हणाली. "त्याचा पाय दुखतोय."

गावाला ज्याची एवढी भीती होती, त्याचीच पोरांना दया येऊ लागली.

माग गुऱ्हाळाकडे जात होता. मोठ्या कढईपाशी पावलं बराच वेळ थांबल्याची खूण होती. तिथून परतताना ती जास्त खोल उमटली होती. "जाताना उपाशी, येताना पोट भरलेलं," मुंगूस म्हणाला. परतीच्या वाटेवर मुंग्यांची लांब रांग लागली होती. कोंबडी त्या रांगेमागोमाग वाकून चालत होती, नाक जवळजवळ जमिनीला लावून. भाकरीएवढ्या पावलाच्या कडेला तिला काहीतरी दिसलं. मऊ मातीवर पानाच्या शिरा उमटल्या होत्या. पाच-सात लांब शिरा, हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या. एरंडाचं पान.

माग बोळातून गेला आणि एका परसदारापाशी संपला. पाटलांचं परसदार होतं ते.

"घरात शिरायचं न्हाई," साळिंदर म्हणाला, आणि सगळी थांबली. पोरं तशीच वळून बातमी द्यायला चावडीकडे पळाली.

कोंबडी एक क्षण मागे राहिली. दार उघडं होतं, आणि पायरीवर ओल्या मातीने माखलेली एक वहाण वाळत पडली होती, पालथी. तिने खिळे मोजले. तिला नऊपर्यंत येत होतं, आणि ते नऊच होते.

ती काही ओरडली नाही. पहिल्या दिवशीच्या कोंबडीनंतर पहिल्यांदाच तिला पाऊल बरोबर ओळखू आलं होतं, आणि तरी ती ओरडली नाही.

चावडीसमोर टेंभे पेटले होते. साळिंदराने धापा टाकत सांगितलं, "प्राणी सापडला! पाटलांच्या परसात शिरलाय!"

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. चार जण देवळात शिरले, दोघं गाडीखाली गेले, आणि पंतोजी धोतर सावरत लिंबाच्या झाडावर चढले. त्या वयात ते कसे चढले, हे गावाला आजही उलगडलेलं नाही. पाटील जुन्या फाटक्या वहाणेत पाय घालून तिथे उभे होते. ते पाटलीणबाईंच्या मागे गेले आणि म्हणाले, "माझ्या घरात? अगं, मी आत्ताच तिथनं आलोय. थोडक्यात वाचलो म्हणायचं."

त्यांच्या मिशीवरून एक मुंगी चालली होती.

कोंबडी गर्दीतून वाट काढत आली आणि तिने पाटलांचं धोतर ओढलं. "पाटीलबाबा, खाली वाका," ती म्हणाली.

वाकणं पाटलांना सोपं नव्हतं, मध्ये पोट यायचं. पण ते कसेबसे वाकले. कोंबडी त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, "तो वाईट न्हाई. त्याचा डावा पाय दुखतोय. पायाला एरंडाचं पान बांधलंय. तो दुपारी गूळ खायला जातो आन् लई भीत भीत जातो."

पाटलांनी खाली बघितलं. पोटामुळे आपला पाय त्यांनी बऱ्याच वर्षांत धड पाहिलेला नव्हता. आता वाकल्यामुळे तो दिसला. गोल होता, भाकरीएवढा, आणि फडक्याच्या कडेतून एरंडाच्या पानाचं टोक बाहेर आलेलं होतं.

पाटलांच्या कपाळावर घाम आला.

"मी सगळ्यांना सांगितलं तर मला नवं नाव मिळंल," कोंबडी म्हणाली. "पण पाहुण्याच्या घरात शिरायचं नसतं. तुम्हीच सांगा. टिटवीला उडता येतं, पाटीलबाबा. अंड्यांना न्हाई येत."

पाटील सरळ उभे राहिले. समोर टेंभे पेटलेले होते, पलीकडे टेकडी होती, आणि शेजारी पाटलीणबाई. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. साडेचार वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतो? टेकडी जळाली असती, प्राणी पळाला असं सगळ्यांनी म्हटलं असतं, आणि पाटलांची अब्रूही राहिली असती आणि गूळही. खरं सांगायचं तर मोह होण्यासारखीच गोष्ट होती, आणि पाटलांना तो झालाही. टेकडीवरून टिटवी ओरडली. पोरगी त्यांच्याकडे बघत होती, धोतर अजून मुठीत धरून.

"टेंभे विझवा," पाटील म्हणाले.

"का, पाटील?"

"तो प्राणी टेकडीवर ऱ्हात न्हाई, म्हणून."

मुंगसाच्या पाटीत थोडी मऊ माती उरली होती. पाटलांनी ती चावडीसमोर पसरायला सांगितली. घरून खिळ्यांची वहाण मागवली, उजव्या पायात घातली, काठी घेतली आणि साऱ्या गावादेखत त्या मातीवरून चार पावलं चालले. एक गोल भाकरी उमटली, एक नऊ नख्यांचं पाऊल, आणि एक खोल भोक.

गाडीखालून कुणीतरी खुदकन हसलं, आणि सगळं गाव हसत सुटलं. लिंबावरून पंतोजी तेवढे विचारत होते, "काय झाले? शरभ गेला का?"

पाटलीणबाई मात्र हसल्या नाहीत. "काखेत कळसा अन् गावाला वळसा," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याच्या मिशीवरची मुंगी चिमटीत धरून त्यांनी ती हळूच खाली सोडली. "गूळ?" त्यांनी विचारलं.

"थोडाच," पाटील म्हणाले.

"घरी चला."

पाटलांचं घरी काय झालं, ते गोष्टीत येत नाही. वैद्यांनी काढा दुप्पट कडू केला, एवढंच कळलं. पंतोजींना उतरवायला शिडी लागली. उतरताना चष्मा पडला, तो घोरपडीने शोधून दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून पंतोजी उपरणं खोचून कुंभारणीच्या अंगणात येऊ लागले. पहिले दोन दिवस ते "सहज आलो होतो" असं म्हणायचे.

अंगणात मात्र वेगळाच वाद पेटला होता. पाऊल कोंबडीने सगळ्यांच्या आधी ओळखलं हे पाटलांनी स्वतःच सांगितलं. तेव्हा तिला नवं नाव द्यायलाच हवं होतं. पण मुंगूस अडून बसला. "नियम रानातल्या जिवाचा हाय. पाटील काय रानातला जीव हाय का?"

पाटलीणबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. "हाय," त्या म्हणाल्या. "बिनधास्त धरा."

असं त्या चिमुरडीचं नाव पाटील पडलं. त्या दिवशी ती इतकी ताठ चालत घरी गेली की उंबऱ्याला अडखळली.

पंधरा दिवसांत अंड्यांतून चार पिल्लं निघाली, काड्यांसारख्या पायांची. सगळं गाव वीस पावलांवर उभं राहून बघून आलं. मग पाटलीणबाई पाटलांना रोज सकाळी कुंभारणीकडे धाडू लागल्या, म्हणजे गुऱ्हाळाकडे पाय वळायला नकोत. पाटील काठी टेकत यायचे, कण्हत कण्हत वाकायचे आणि पोरांत बसायचे. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "तरस." तो कुत्रा होता. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अजगर." ती धुण्याची दोरी होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी मातीकडे बराच वेळ निरखून पाहिलं, कुठून आली ते बघितलं, कुठं गेली ते बघितलं, काय खाल्लं तेही बघितलं, आणि मिशा थरथरवत म्हणाले, "कोंबडी!"

अगदी बरोबर होतं. ती कुंभारणीचीच होती.

नियम तो नियम. म्हणून त्या गावात आजही "पाटील!" अशी हाक मारली की दोन वेण्यांची एक चिमुरडी धावत येते, आणि "कोंबडी!" म्हटलं की पिकल्या मिशांचा एक भला माणूस चिखलातून मान वर करून "ओ" देतो.

तात्पर्य: प्राण्यांची भीती पोथीतून शिकवता येते, माया मात्र खेळता खेळता, चिखलात बसूनच लागते. आणि दुसऱ्याच्या पावलाला भिऊन रान पेटवण्याआधी एकदा वाकून आपलंही पाऊल बघावं.